तांदळातलं नाव

माझ्या नवऱ्याला घरी आणायचे तीन रस्ते आहेत, असं नागपूरच्या कचेरीतल्या कारकुनानं मला बोटांवर मोजून दाखवलं होतं. तीन बोटं वर करून तो एवढा खूश दिसत होता की जणू तीन स्थळंच घेऊन आला होता. त्या बोटांची आठवण झाली की माझं डोकं आजही तापतं. वयाबरोबर माणूस निवतो म्हणतात, माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही.

मुळात माझे यजमान परदेशी आहेत हेच आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? त्यांचे वडील मेहकर तालुक्यातल्या जानेफळचे. तरुणपणी ते रंगूनला एका भाताच्या गिरणीत कारकून म्हणून गेले आणि तिथंच राहिले. यजमान जन्मले रंगूनला, पण बोलायचे आपल्या बापाची वऱ्हाडी, मध्येमध्ये हिंदी घालून. ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढं ठेवला की ताटावरून उठायचे नाहीत. तिथल्या सरकारी दवाखान्यात ते एक्स-रे काढायचं काम शिकले होते. लढाईत जपानी रंगूनवर चालून आले तेव्हा हजारो लोकांबरोबर डोंगर तुडवत ते पायी हिंदुस्थानात आले. वडील वाटेतच गेले. हे एकटे जानेफळला चुलत्याच्या दारात येऊन उभे राहिले. अंगावरचा सदरा सोडला तर जवळ काही नव्हतं आणि एकही कागद नव्हता. तेव्हा त्यांना कोणीही कागद मागितला नाही.

मी अमडापूरची. तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं घर विधवा आत्याच्या हातात आणि आत्या बाबांच्या शब्दात. बाबा मोठे शेतकरी, गावात मान असलेले. मास्तरीण मुलीला स्थळ मिळत नाही म्हणून ते काळजीत होते. जानेफळच्या चुलत्यानं आपल्या पुतण्याचं नाव सुचवलं आणि बाबा लगेच तयार झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की जावयाला स्वतःचं घरच नाही. मुलगी नोकरी करते, म्हणजे लग्नानंतर दोघं अमडापुरातच राहणार, आणि तेही आमच्याच घरात. गाव त्यांना घरजावई म्हणणार.

यावर बाबा आणि आत्यानं मिळून एक तोड काढली. आमच्यात लग्न झालं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. ते सगळ्यांना मोठ्यानं सांगतात आणि त्या दिवसापासून तेच नाव. हे सासरच्या घरी होतं. मला सासर नव्हतं, म्हणून ते ताट आमच्याच ओसरीवर मांडलं गेलं आणि नावही आत्यानंच निवडलं. बाबा मला म्हणाले, "पोरी, तू घर सोडून नाही चालली. मंग नाव तरी बदललं पाहिजे. लोकायले दिसलं पाहिजे का आमची पोरगी दुसऱ्याची झाली." म्हणजे मी घरात राहायचं आणि सासरी पाठवायचं ते माझं नाव. मला तेव्हाच राग आला होता, पण नवरी मुलगी होते, गप्प बसले.

तांदळात ते नाव लिहिताना यजमान जरासे वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मी तं तुले तुह्याच नावानं हाक मारीन." त्यांनी तो शब्द पाळला. मला त्या माणसात जे आवडलं ते पहिल्यांदा तिथंच आवडलं. पुढं तेच आमच्या अंगावर शेकलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवं नाव सुरू झालं. आत्या गड्यांनाही चुकू द्यायची नाही. कोणी जुन्या नावानं हाक मारली तर ती ओटीवरून ओरडायची, "ते नाव आता नाही या घरात." शाळेत मात्र माझं जुनंच नाव चालू राहिलं. सर्व्हिस बुकात बदल करायचा तर इन्स्पेक्टरकडं अर्ज करावा लागायचा, आणि तो मी मुद्दामच केला नाही. सकाळी अकरा ते पाच मी मी असायचे. घरी आले की दुसरीच कोणी.

लढाई संपली आणि रंगूनच्या दवाखान्यानं आपली जुनी माणसं परत बोलावली. वऱ्हाडात तेव्हा एक्स-रेचं काम जाणणाऱ्याला काम नव्हतं. माझे यजमान तीन वर्षं एका जिनिंगमध्ये कापसाचे डोकडे, म्हणजे कच्चे गठ्ठे, मोजत होते आणि आतून सुकत चालले होते. मीच म्हटलं, जा. राहायला जागा मिळाली की मला नेणार होते. पण जागा मिळण्याआधी ब्रह्मदेश वेगळा स्वतंत्र देश झाला, आणि दवाखान्यानं सांगितलं की नोकरी ठेवायची असेल तर इथले नागरिक व्हा. त्यांनी सही केली. मला आधी विचारलं नाही. पत्रात नंतर लिहिलं, जसं एखादा माणूस सांगतो की मी नवी चप्पल घेतली. त्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही.

मग तिकडं बंडाळी माजली. रंगूनच्या वेशीपर्यंत गोळीबार येऊ लागला. दवाखान्यात रोज माणसं यायची आणि माझे यजमान त्यांच्या हाडांत अडकलेल्या गोळ्यांचे फोटो काढायचे. त्यांचं पत्र आलं, "मले आता घरी यायचं हाय. इथून निघाचा परवाना भेटला, चार महिन्याचा. तितक्यात तिकडचा होकार आला नाही तं पुढचं मले माहीत नाही." चारातला एक महिना ते पत्र यायलाच लागला होता. म्हणून मी शाळेतून रजा घेतली, बाबांना बरोबर घेतलं आणि नांदुऱ्याहून नागपूरची गाडी धरली.

तिथं तो तीन बोटांचा कारकून भेटला. पहिला रस्ता, यजमान मूळचे इथलेच आहेत असं सिद्ध करायचं. दुसरा, ते इथल्या बाईचे नवरे आहेत म्हणून येऊ द्यावं असा अर्ज करायचा. तिसरा, इथल्या कोणीतरी त्यांना नोकरीवर बोलवायचं. मी म्हटलं, "दुसरा. मी त्यांची बायको आहे, दुसरा रस्ता."

त्यानं फॉर्म काढला आणि जरा डोकं खाजवत बसला. "बाई, असं आहे बघा. नवरा इथला असेल तर तो बायकोला आणतो. त्याचा हा फॉर्म. बायको नवऱ्याला आणते, असा फॉर्म नाही आमच्याकडे."

"मग?"

"हाच भरा. खोडून लिहा."

मी खोडून लिहिलं. जिथं पती होतं तिथं पत्नी, जिथं पत्नी होतं तिथं पती. त्या कागदावर इतकी खाडाखोड झाली की शाळेतल्या मुलीनं तो दिला असता तर मी तिला परत लिहायला लावला असता. लग्नाचा पुरावा म्हणून अमडापूरच्या पाटलाच्या सहीचा दाखला जोडला, मिळकतीसाठी शाळेचा पगाराचा कागद आणि यजमानांची अकरा पत्रं. ती पत्रं देताना जिवावर आलं होतं. पण कारकून म्हणाला, संसार चालू आहे हे दिसायला पाहिजे.

बाबांना मात्र पहिला रस्ता जास्त पसंत होता. त्यात जावई परदेशीच ठरत नव्हता. घरी आल्याबरोबर ते जानेफळला गेले आणि तिथल्या पाटलाला म्हणाले, जावयाचा जन्म इथलाच लिहून द्या. गावातले जन्म आणि मरणं ज्यात लिहितात ते कोतवाल बुक पाटलानं त्यांच्यापुढं उघडून ठेवलं. तीस वर्षांपूर्वीची पानं, ओळीला ओळ लागलेली, शेवटी कोणा साहेबाची सही. तो म्हणाला, "जागा दाखवा, लिहितो." कुठं बोटभरही जागा नव्हती. बाबा तोंड पाडून परत आले आणि तो रस्ता संपला.

दीड महिन्यानं नागपूरहून बोलावणं आलं. आता कारकुनापुढं आमची फाईल उघडी होती आणि वर यजमानांची पत्रं. त्यानं एक उचललं आणि मायना वाचला. माझ्या बापासमोर, मोठ्यानं. मग तो म्हणाला, "हे पत्र कोणाला आहे?"

"मला."

"दाखल्यात तर दुसरंच नाव आहे. लग्न लागलं त्या बाईशी आणि पत्रं सगळी या बाईला. साहेबांनी लिहिलंय बघा, अर्जदाराच्या पतीचे अन्य स्त्रीशी संबंध दिसतात."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्याला तांदळाचं ताट समजावून सांगितलं. तोही आपल्यातलाच, त्याच्या बायकोचंही नाव असंच बदललं असणार. तो मान हलवत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ते सगळं ठीक. पण शाळेच्या कागदावर तुम्ही कुमारी आहात."

"दोघीही मीच आहे."

"तर तसं प्रतिज्ञापत्र करून द्या. फक्त एक विचार करा. परदेशी माणसाची बायको म्हटलं की बाईचा देश नवऱ्याचा. आज कायदा तसा आहे. मग शाळा तुम्हाला ठेवेल का, ते तुम्ही बघा. आणि शाळेनं काढलं तर नवऱ्याला इथं सांभाळणार कोण? तेही फॉर्मात विचारलंय."

"म्हणजे अमडापुरात जन्मलेली, अमडापुरात शिकवणारी, आणि मी परदेशी?"

"कायदा मी केला नाही, बाई."

कायदा कोणीच केलेला नसतो. मी आजवर ज्या ज्या टेबलापुढं उभी राहिले तिथं कायदा केलेला माणूस मला भेटला नाही. मी ओरडले असते, पण बाबा शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते. आमच्या गावात ज्यांच्यापुढं लोक उभे राहायचे ते माझे बाबा. त्यांना तसं पाहून सगळा राग त्यांच्यावरच वळला. नाव बदलायचा हट्ट कोणाचा होता?

तिसरा रस्ता तेवढा उरला होता आणि तो खरं तर सगळ्यात सोपा होता. आमच्या भागातल्या एका मिशनच्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन वर्षभर खोक्यात पडून होतं. ते चालवणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी माझं बोलणं संपायच्या आत पत्र लिहून दिलं होतं. तेही मी नागपूरला बरोबर नेलं होतं. कारकुनानं ते वाचलं आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा माणसासारखा झाला.

"हे तुम्ही आधी का नाही आणलं? हे पंधरा दिवसात झालं असतं." मग त्यानं फाईलवर हात ठेवला. "आता पंचाईत अशी आहे की नोकरीवर येणारा माणूस सडाफटिंग पाहिजे. दर वर्षी परवाना वाढवायचा, काम संपलं की परत जायचं. इथं बायको आहे म्हटलं की साहेब म्हणतात, हा नोकरीचं निमित्त करून कायमचा राहायला येतोय. आणि तुम्ही तर बायको लिहून दिलीत."

"काढून टाका."

"फाईलमध्ये आलेली बाई अशी जात नाही."

"कशी जाते?"

तो आमच्याकडं न बघता पत्रांची दोरी बांधत होता. म्हणाला, "मेली तरच. दाखल्यातली बाई मयत आहे असा दाखला आला तर माणूस विधुर. विधुराला काही अडचण नाही." मग हळूच म्हणाला, "मी काही बोललो नाही."

यजमानांच्या तिकडून निघायच्या परवान्याची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते. गाडीत बाबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. अकोल्याला त्यांनी दोन कप चहा घेतला. एक मला दिला आणि म्हणाले, "अपशकुन आहे व पोरी ते. जित्या माणसाचं मरण लेहायचं?"

मी म्हटलं, "ते माणूस नाही, बाबा. ते तुमचं ठेवलेलं नाव आहे. तुम्हीच ठेवलं, तुम्हीच काढा." बापाशी मी असं कधी बोलले नव्हते. चहा थंड होईपर्यंत ते कप धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर आमच्या पाटलाकडं गेले. एकटे गेले असते तर त्यांनी माघार घेतली असती. पाटील बाबांचे लहानपणचे सोबती, लग्नाच्या दाखल्यावर सही त्यांचीच होती. सगळं ऐकून त्यांनी मला खाटेवर बसायला सांगितलं, आतून चहा मागवला आणि कोतवाल बुकाचं चालू पान उघडलं. मागच्या पानात जन्म घुसडता येत नव्हता. आजच्या पानावर मरण लिहायला भरपूर जागा होती.

पाटलांनी नाव लिहिलं. बापाचं, नवऱ्याचं लिहिलं. वय विचारलं, ते मीच सांगितलं.

"काह्यानं मेली म्हणून लेहू?"

बाबा जमिनीकडं बघत होते. मी म्हटलं, "लिहा, नाव बदलल्यानं मेली."

"ताप लेहतो," पाटील म्हणाले. मग त्यांनी बुक बाबांच्या पुढं सरकवलं. खबर देणाऱ्याची सही लागते. बाबांची सही मोठी, वळणदार होती, गावात तिचं कौतुक होतं. त्या दिवशी त्यांना दोनदा शाईत टाक बुडवावा लागला. मी चहा प्यायले. माझ्या मरणाची नोंद होत असताना मी कपबशी हातात घेऊन बसले होते, आणि मला बापाची दया आली नाही. आज येते कधीकधी. त्या दिवशी आली नाही.

घरी गेल्यावर आत्यानं अंगावरून पाणी घेतलं. मी विचारलं, "आत्या, सुतक काऊन पाळून राह्यली?" ती म्हणाली, "एक आंघोळ केल्यानं काय बिघडते." त्यानंतर घरात मला कोणी हाकच मारेना. नवं नाव तोंडातून काढायची बाबांना भीती वाटायची, आणि जुनं उच्चारायची सवय राहिली नव्हती. "ऐकलं काय व" म्हणून ते मला बोलवायचे. मीही ओ द्यायचे.

कारकून खरं बोलला होता, काम पंधरा दिवसांत झालं. यजमान कलकत्त्याला उतरले आणि नागपूरवरून नांदुऱ्याला आले. मी त्यांना घ्यायला गेले नाही. फाईलमध्ये मी मेले होते आणि शाळेत कुमारी होते, कोणत्या नात्यानं जाणार? बाबा स्टेशनवर गेले. दवाखान्यात रुजू व्हायच्या आधी दोन दिवस यजमान आमच्याकडं थांबणार होते. परदेशी माणूस कुठं उतरला याची नोंद करायला चिखलीहून पोलीस जमादार सकाळपासून आमच्या ओसरीवर येऊन बसला होता.

दुपारी मोटारीतून दोघं उतरले. यजमान फार वाळले होते. कानाजवळ केस पांढरे झाले होते. मी चहाचं तबक घेऊन आतल्या दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मीही पाहिलं. चार वर्षांनी आम्ही एकमेकांना बघत होतो आणि दोघांना ओळख दाखवायची चोरी होती.

आत्या भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात आली. तिला सगळं समजावून सांगितलं होतं, घोकून घेतलं होतं. पण जावई दारात दिसला आणि जन्माची सवय उफाळली. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, उंबऱ्यावर आडवा हात धरला आणि म्हणाली, "नाव घ्या, जावईबापू. नाव घेतल्याबिगर आत नाही सोडत मी."

जमादारानं रजिस्टरावरून मान वर केली. "जावई? कोणाचे?"

बाबा म्हणाले, "माह्या पोरीचे. वारली ते." बोलताना त्यांचा आवाज फाटला. जमादाराला ते दुःख वाटलं असेल. त्यानं टोपी काढली.

यजमान उंबऱ्याबाहेर तसेच उभे होते. एक नाव घ्यायचं तर ते मेलेलं होतं. दुसरं एका कुमारी मास्तरणीचं. आत्याचा हात हळूहळू खाली आला आणि ते नाव न घेताच आत आले.

जमादारानं माझ्या तबकातून कप उचलला आणि विचारलं, "ह्या कोण?"

"धाकटी," बाबा म्हणाले. "शाळेत मास्तरीण हाय."

त्यानं तेही लिहून घेतलं. मी स्वतःच्या घरात स्वतःची धाकटी बहीण झाले, आणि ते सरकारी शाईनं पक्कं झालं. तेवढ्यात आतून यजमानांनी पाणी मागितलं. माझ्या नावानं. माझ्या खऱ्या नावानं, मोठ्यानं, जमादाराला, आत्याला, बाबांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लग्नाच्या दिवसापासून त्या घरात ते नाव कोणी इतक्या मोठ्यानं घेतलं नव्हतं. या वेळी आत्याही ओरडली नाही.

मी लगेच पाणी घेऊन गेले नाही. तबक तिथंच ठेवलं, मागच्या अंगणात गेले आणि रांजणाला धरून रडले. ते बघून आत्या म्हणाली, आनंदानं रडते पोरगी. नव्हतं ते आनंदाचं. मी रागानं रडत होते. तोंड धुतलं, तांब्या भरला आणि आत गेले.